बुडणाऱ्या बर्फाचा वास

फर्निचरच्या दुकानावरच्या लांबट दालनात माणसं पेले सांभाळत बसली होती. काचेचे पेले, स्टीलचे पेले, एका बाईंच्या मांडीवर तर कान तुटलेला बाळाचा कप. प्रत्येकाने पाणी घरून आणलं होतं. जिना चढताना ते हिंदकळू नये म्हणून सगळे इतके जपून पावलं टाकत होते की खालचे नोकर सोफे झटकायचे थांबून बघत राहिले होते. पाणी घरचंच आणायचं, हा इथला नियम होता आणि हिमगुरूंना त्याचा भारी अभिमान होता.

"पाणी तुमचं! पेला तुमचा! प्रश्न तुमचा, आणि गेलेला माणूसही तुमचाच! मग माझं काय? माझी फक्त थंडी!"

लोक हसले. दुःखात असलेल्या माणसांना हसायला फार थोडं पुरतं.

हिमगुरू पांढऱ्या स्वेटरमध्ये बसत, भर उन्हाळ्यातसुद्धा. मागे भिंतीला टेकून एक कोटवाला, समोर एक चकचकीत पेटी. तिचं झाकण उघडलं की धूर निघे, आणि त्या धुरात त्यांचा हात मनगटापर्यंत नाहीसा होई. पेटीतून ते चिमट्याने बर्फाचा एक खडा काढत, समोरच्याच्या पेल्यात सोडत आणि डोळे मिटत. खडा तरंगला तर गेलेला माणूस मोकळा झाला, आता त्याला त्रास देऊ नका. बुडला तर तो इथेच घुटमळतोय, त्याला काही सांगायचंय. आणि तो काय सांगतोय, हे अर्थातच एकट्या हिमगुरूंना ऐकू येई.

"शाळेत काय शिकलात? बर्फ तरंगतो. बरोबर?"

"बरोबर!" सगळे म्हणाले.

"मग हे काय?"

बाळाच्या कपात खडा डुबकन पडला आणि सरळ तळाला गेला. जणू काचेचा तुकडाच. पुढच्या रांगेतली माणसं उठून वाकली, मागची त्यांना "अहो बसा की" म्हणून ओरडली आणि मग स्वतःच उठली.

"विचारा विज्ञानाला! विज्ञान गप्प! कारण आत्म्याला भार असतो. तो बर्फात उतरतो, आणि बर्फ खाली जातो."

मीही उठले होते. खोटं कशाला बोलू? बर्फ खरंच बुडला होता. बाबांना जाऊन फार काळ लोटला नव्हता, आणि माझ्याकडेही त्यांना विचारायच्या दोन-चार गोष्टी उरल्या होत्या.

शेजारी आई बसली होती. तिला इथे आणलं समोरच्या मावशींनी. आमच्या दारासमोर राहणाऱ्या, मनाने चांगल्या, आणि दर महिन्याला एक नवा चमत्कार शोधून काढणाऱ्या. आईची ही तिसरी खेप होती, माझी पहिली. मी आले होते ते एका बाटलीपायी. आईच्या हृदयाचे ठोके मधूनच वाट चुकतात. त्यासाठी ती रोज सकाळी एक गोळी घ्यायची. गेल्या आठवड्यात तिची बाटली रिकामी दिसली, आणि कचऱ्याच्या डब्यात मला त्या सगळ्या गोळ्या सापडल्या, कांद्याच्या सालींखाली.

"हे काय आई?"

"ह्यांनी सांगितलंय," आई शांतपणे म्हणाली होती. "रसायनं बंद कर म्हणून. मी विचारलं, आणि बर्फ बुडला."

"बाबांनी? आयुष्यभर रसायनांत कोपरापर्यंत बुडालेला माणूस वरती जाऊन म्हणतोय, रसायनं बंद कर?"

"तिकडे गेल्यावर माणसाला कळत असेल," आई म्हणाली. तिच्याशी वाद घालणं बाबांनाही कधी जमलं नव्हतं.

आज तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. खडा पुन्हा बुडला. हिमगुरूंनी डोळे मिटले. "म्हणताहेत, माझा आवाज तुला ऐकू यायला हवा ना? मग मधला पडदा काढ. त्या गोळ्या म्हणजे पडदा. आणि हे पाणी पी. थेंबही वाया घालवू नकोस."

आईने पेला नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला, आणि तिचा चेहरा असा काही मऊ झाला की मला नजर वळवावी लागली.

"आला," ती पुटपुटली. "ह्यांचाच वास. तुला येत नाही?"

मी वाकले. आणि आला. अगदी पुसट, पण आला. बाबांच्या शर्टांना यायचा तो कुबट, तिखट, थोडा मासळीसारखा वास. आई तो धुवून धुवून थकली होती. आता त्यांचा एक न धुतलेला शर्ट कपाटात तिने पिशवीत बांधून ठेवला आहे.

त्या क्षणी मी हिमगुरूंची भक्त व्हायला फक्त एक पाऊल बाकी होतं. मग वाटलं, आत्म्याला भार असेल तर असो. पण त्याला शर्टाचा वास कशाला हवा?

माझ्या पर्समध्ये आईच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती. "आई, आधी ते स्वेटरवाले काय म्हणताहेत बघ," म्हणत मी तिच्या पेल्यातला अर्धा वितळलेला खडा चमच्याने उचलला, बाटलीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. झाकण लावताना बाबांचा आवाज ऐकू आला. त्यासाठी बर्फ लागला नाही. घरात ते प्रत्येकाला दिवसातून दहा वेळा म्हणत: झाकण घट्ट लाव.

*

बाबांच्या प्रयोगशाळेत आता चिमटा बसते. चिमटा म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी, आज स्वतः विभागप्रमुख. पहिल्या दिवशी तिने काचेचा चंबू चिमट्यात इतका आवळून बसवला की तो फुटला, आणि बाबांनी तिचं नाव तेव्हाच ठेवलं. तिच्या नावाची पाटी दारावर आहे. ती कोणी वाचत नाही.

मी सगळं सांगितलं. तिने बाटली उजेडात धरली, झाकण किंचित उघडलं, हुंगलं, आणि ताबडतोब बंद केलं.

"काकूंनी हे प्यायलंय?"

"थोडं थोडं. तीनदा."

"तीनदा!" तिने मला जी शिवी दिली ती मला नव्हती. "पुन्हा थेंबभरही नाही. कळलं?"

मग तिने एका बारीक नळीने ते पाणी मोजून घेतलं आणि काट्यावर ठेवलं. शेजारी तेवढंच नळाचं पाणी ठेवलं. आकडे वेगळे आले.

"आत्म्याचा भार," मी म्हणाले.

"हो ना. दर शंभर ग्रॅममागे नऊ-दहा ग्रॅम आत्मा," चिमटा म्हणाली. "हे जड पाणी आहे गं. पाण्यातल्या हायड्रोजनचा एक थोरला भाऊ असतो, ड्यूटेरियम. दिसायला तसाच, वागायलाही जवळपास तसाच, फक्त दुप्पट वजनाचा. त्याचं पाणी बनवलं की ते दिसतं पाण्यासारखं, गोठतं पाण्यासारखं, पण त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. ह्यात चमत्कार एवढाच, की लोकांनी घरून आणलेलं पाणी सगळे निरखून बघतात आणि त्याने पेटीतून काढलेल्या बर्फाबद्दल कोणीच काही विचारत नाही."

"आणि तरंगणारे खडे?"

"साध्या पाण्याचे. पेटीत दोन बाजू असतील. एक 'घुटमळतोय'ची, एक 'मोकळा झाला'ची."

"आणि वास?"

त्या पाण्याचा एक थेंब चिमटाने काचेच्या अगदी बारीक नळीत भरला आणि पलीकडच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात सोडला. ते यंत्र रेणूतल्या साध्या हायड्रोजनची हजेरी घेतं. जो हायड्रोजन हजर, त्याचा एक सुळका पडद्यावर उभा राहतो. आम्ही वाट पाहत बसलो. बाबांची खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यावर कोणी बसत नव्हतं, पण कोणी फाईलीही ठेवल्या नव्हत्या.

बाबांचं काम मला इतकंच ठाऊक होतं, जेवताना ते सांगत तेवढं. धातूचा अणू म्हणजे घरातला कर्ता माणूस. त्याचा हात धरून चहूबाजूंनी बसलेले रेणू म्हणजे लिगंड, त्याची नातेवाईक मंडळी. काही चिकट, काही एका इशाऱ्यावर उठून जाणारी. बाबा त्यातल्या एखाद्या नातेवाइकाच्या खिशात गुपचूप दगड टाकत: साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवत. चेहरा तोच, वागणं तेच, फक्त खूण केलेला. मग घरात गडबड झाली की कोण आधी उठलं, कोणी कोणाचा हात सोडला, कोण कुठून निघून कुठे पोचलं, हे त्या दगडावरून ओळखता येई.

"जड असला की तो सुटायलाही वेळ लावतो," बाबा सांगत. "सुटतो. पण सावकाश."

पडद्यावर सुळके उभे राहिले. चिमटा पुढे झुकली. मग तिने चष्मा काढला आणि ॲप्रनच्या कडेने बराच वेळ पुसला.

"हे बघ. हे सगळे सुळके मिळून एक लिगंड होतो. अगदी कणभर आहे, पण आहे. वास त्याचाच. ह्या जातीच्या सगळ्यांनाच तो येतो." तिने एका सपाट रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आता इथे एक सुळका हवा. सगळ्यात उंच. बाजारातल्या मालात तो असतोच."

"इथे तर काहीच नाही."

"काही नाही, कारण तिथे जड हायड्रोजन आहेत, आणि ते ह्या यंत्राला हजेरी देत नाहीत. हा खूण केलेला आहे. जड पाण्यात तापवून तापवून बनवतात. तापवून झालं की उरलेलं पाणी वाफ करून उडवायचं आणि थंड करून बाजूला काढायचं. त्याच्याबरोबर थोडा लिगंड येतोच. ते पाणी सर मोठ्या बाटल्यांत साठवायचे." ती थांबली. "आणि ते न्यायला रसायनं विकणारा एक माणूस यायचा. शुद्ध करून पुन्हा वापरात आणतो म्हणायचा. ऐन उन्हाळ्यात कोट घालून यायचा."

मला कोटवाला आठवला. हिमगुरूंच्या मागे, भिंतीला टेकून, हात बांधून उभा असलेला. आईला पहिल्यांदा बघून हिमगुरूंना "ह्यांचे यजमान विद्वान होते, हात निळे असायचे" असं दिव्य ज्ञान झालं, तेव्हा समोरच्या मावशी म्हणे अक्षरशः रडल्या होत्या. बाबांच्या बोटांवर धातूच्या क्षारांचे निळे डाग असत. ते कोटवाल्याने कितीतरी वेळा पाहिले असणार, आणि आईचं आडनाव ऐकताच बाकीचं जुळवलं असणार.

म्हणजे बाबांनीच बनवलेल्या रेणूने आपण कुठून निघालो ते सांगितलं होतं. त्यासाठीच तर ते त्याला खूण करत.

*

घरी जाऊन मी आईला हे सगळं सांगितलं असतं, तर तिने ऐकून घेतलं असतं आणि ती म्हणाली असती, "असेल. पण बर्फ बुडला ना?" डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी खोडता येत नाही. तेव्हा तिला पाहू देणंच बरं. हिमगुरूंचा नियम आमच्या बाजूने होताच: पाणी तुमचं, पेला तुमचा.

"हे घे," चिमटाने मला एक बाटली दिली. "कोरं, शुद्ध जड पाणी. सांडलंस तर सरांच्या वतीने मी तुला झोडपीन. आणि मीही येतेय."

पुढच्या बैठकीला दालन आणखी भरलं होतं. आईच्या हातात तिचा नेहमीचा पेला, माझ्या हातात माझा. चिमटा मागे जिन्यापाशी उभी राहिली. गर्दीमुळे कोटवाल्याला ती दिसत नव्हती.

"आज मुलगी विचारणार!" हिमगुरू प्रसन्न झाले. "विचार बेटा. मोकळ्या मनाने विचार."

"आईने गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात का?"

आईने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण मी तिच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं. हिमगुरूंनी पेटी उघडली, धुरात हात घातला, डावीकडून खडा काढला आणि माझ्या पेल्यात सोडला. डोळे त्यांनी सवयीने आधीच मिटले होते.

"ते म्हणताहेत, नको. तुझ्या आईला पडद्याआड..."

"गुरुजी, तरंगतोय," समोरच्या मावशी म्हणाल्या.

डोळे उघडले. खडा पाण्यावर आरामात डुलत होता.

"हां. क्षणभर मोकळे झाले. मुलीला बघून आनंद झाला. आता बघा." पुन्हा डावीकडून. तोही तरंगला. तिसरा टाकला, तो पहिल्या दोघांना जाऊन टेकला. बापलेक, काका सगळे एकत्र जमल्यासारखे खडे पेल्यात गोल फिरू लागले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ह्या पाण्यात अश्रद्धा आहे!" हिमगुरूंचा आवाज चढला.

"पण पाणी आमचं, पेला आमचा, असं तुम्हीच म्हणता ना?" मी म्हणाले.

"काय घातलंयस त्यात? मीठ घातलंस? साखर?"

"चाखून बघा."

त्यांनी चाखलं नाही. कोटवाला भिंतीपासून सुटला होता आणि जिन्याकडे सरकत होता, पण जिन्याच्या तोंडाशी चिमटा होती.

"ओळखलंत का?" ती गोड आवाजात म्हणाली. "आमच्या बाटल्या नेल्यात त्या परत आणताय ना? वाट बघतेय."

कोटवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता साधं की जड, ते मला सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं, ह्यापुढे बोलायचं ते मी बोलेन. पाठही केलं होतं. पण आई उठली. पदर खोचला, दोन पावलं पुढे गेली, आणि माझ्या पेल्यातला एक खडा सरळ बोटांनी उचलला.

"अहो, हात नका लावू! आत्मा..."

"चाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी," आई म्हणाली. "हात लावला तर चालेल त्यांना."

तो खडा तिने स्वतःच्या पेल्यात टाकला. बुडला. तिने तो चमच्याने काढून परत माझ्या पेल्यात टाकला. तरंगला. पुन्हा तिच्या पेल्यात: बुडला. मग ती पेटीकडे वळली, धुरात डोकावली, आणि उजव्या बाजूचा एक खडा उचलला. तो माझ्या पेल्यातही तरंगला आणि तिच्या पेल्यातही.

बाबा घरी एखादा जुना मिक्सर दुरुस्त करताना असेच करत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आई शेजारी भाजी निवडत ते बघत बसायची. आपण काही शिकतोय असं तिला कधी वाटलं नसावं.

"खडा तोच आहे," आई सावकाश म्हणाली. "पेला बदलला की उत्तर बदलतं. मग हे उत्तर ह्यांचं कसं?" तिने हिमगुरूंकडे पाहिलं. "दोन प्रकारचा बर्फ आहे तुमच्याकडे. कुठली बाजू उघडायची ते तुम्ही ठरवता. मी गोळ्या घ्यायच्या की नाही, ते तुम्ही ठरवलंत."

"माताजी, शांत व्हा..."

"मी शांतच आहे. तुम्ही तो स्वेटर काढा, घाम आलाय तुम्हाला."

मग जे हसू फुटलं, त्याला धरबंध राहिला नाही. बाळाच्या कपाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या चिमटापाशी गेल्या आणि हळूच काहीतरी विचारलं. चिमटाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: जड पाणी म्हणजे काय, त्याचा बर्फ साध्या पाण्यात का बुडतो आणि जड पाण्यात का तरंगतो, आणि बुडणाऱ्या बर्फाला कोणाच्याही माणसाबद्दल काहीच का ठाऊक नसतं. हळूहळू सगळेच तिच्याभोवती जमले. हिमगुरू पेटी उचलून मागच्या दाराने निघाले, तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे त्या दोघांविरुद्ध रीतसर तक्रार झाली. तो भाग कंटाळवाणा आहे आणि अजून चालू आहे.

*

आम्ही तिघी घरी चालत निघालो. समोरच्या मावशी तेवढ्यात म्हणाल्याच, "पण वास? वास तर खरा होता ना?" मी त्यांचा हात दाबला, पण उशीर झाला होता. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला हवं होतं ते एवढंच एक उरलं होतं, आणि तेही मी काढून घेणार आहे, असं तिला वाटत होतं.

"खरा होता," मी म्हणाले. मग तिला बाटल्यांची गोष्ट सांगितली. लिगंड, तापवणं, उडवलेलं पाणी, पडद्यावरची रिकामी जागा. "तो वास बाबांच्या चंबूतूनच आला होता. त्यांनी बनवलेल्या रेणूचा. तुझं नाक चुकलं नव्हतं आई. त्या माणसाचं बाकी सगळं खोटं होतं, तेवढं एक चोरीचं होतं."

आईने हातातला पेला रस्त्याकडेला रिता केला.

"म्हणजे ते काही म्हणत नव्हते."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, "बरं."

हे मी लिहिते आहे ते हिमगुरूंसाठी नाही. ते आज ना उद्या दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या माडीवर दुसरं काहीतरी बुडवतील. लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांचं कोणी गेलं आहे आणि ज्यांच्याकडे विचारायच्या गोष्टी उरल्या आहेत. उत्तर हवंसं वाटणं ह्यात मूर्खपणा नाही. आई मूर्ख नव्हती, मीही नव्हते. पण कोणी उत्तर आणून दिलं, तर ज्या हाताने ते दिलं तो हात बघा. तुमचं पाणी तपासू देणारा माणूस त्याचा बर्फ तपासू देतो का, ते बघा. एका वेळी एक गोष्ट बदलून पाहा. आणि तुमचं औषध बंद करायला सांगणारा तुमच्या माणसाच्या आवाजात बोलत असला, तर तो आवाज चोरलेला आहे, हे धरून चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांची नवी बाटली टेबलावर ठेवली. आईने नळाखाली पेला भरला. फ्रीजमधून बर्फाचा एक खडा काढला, पेल्यात टाकला, आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

खडा तरंगला.

"झाले एकदाचे मोकळे," आई म्हणाली आणि गोळी गिळली. मग बाटली माझ्याकडे सरकवली. "झाकण घट्ट लाव."